अडतीस अंशांची हमी : प्रोसेसरच्या डब्यातल्या कूलरची कुळकथा

प्रोसेसरच्या डब्यात चिपसोबत जो पंखा आणि त्याखालचा ॲल्युमिनियमचा पंखुड्यादार ठोकळा मिळतो, त्याला व्यापारी ‘स्टॉक कूलर’ म्हणतात आणि दुकानातला पोऱ्या ‘बॉक्सवाला फॅन’ म्हणतो. त्याचे काम साधे आहे. चिपमधली उष्णता पेस्टच्या पातळ थरातून ठोकळ्यात उतरते, ठोकळ्यातून पंखुड्यांत पसरते आणि पंख्याची हवा ती उचलून नेते. चिप किती वॅट उष्णता काढते आणि पंख्याच्या तोंडाशी येणारी हवा किती गरम आहे, या दोनच आकड्यांवर सगळे अवलंबून असते. घरच्या संगणकाला हा कूलर पुरतो की नाही, हा वाद पहिल्या आकड्यावर रंगतो. सुरतेजवळ हजीऱ्यासारख्या ठिकाणी मात्र दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा ठरतो. तो डब्यावर छापलेला नसतो, म्हणून त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

मुळात संगणक थंड करणे म्हणजे खोली थंड करणे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टीआयएफआरएसी या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. १८ फूट लांब आणि ८ फूट उंच अशा पोलादी कपाटात त्या बसवल्या होत्या. प्रत्येक नळीत तापलेली तार, म्हणजे लहान दिवाच. अशा यंत्रांना एखाद्या भागापुरता पंखा लावून भागत नसे, सगळी उष्णता खोलीबाहेर काढावी लागे. नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, मग अख्खे गणकयंत्र नखाएवढ्या सिलिकॉनवर मावू लागले, आणि काही काळ असे वाटले की थंडाव्याचा प्रश्नच मिटला.

१९८१ च्या आयबीएम पीसीत ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर होता. तो दोनेक वॅट खात असे आणि बोर्डावर उघडाच बसे, वर ठोकळा नाही की पंखा नाही. कॅबिनेटमध्ये पंखा असे तो एकटा वीजपुरवठ्याच्या पेटीत. २८६ आणि ३८६ यांनीही बहुधा असेच उघड्या अंगाने दिवस काढले. कूळ बदलले ते ४८६ पासून. १९८९ चा पहिला ४८६ ठोकळ्याशिवाय चालत असे, पण १९९२ मध्ये ६६ मेगाहर्ट्झचा डीएक्स-टू आला आणि चिपच्या पाठीवर पंखुड्यांची पट्टी दिसू लागली. पुढच्याच वर्षी पेंटियम आला. ५ व्होल्टवर चालणारा ६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम जास्तीत जास्त १६ वॅट काढत असे. आजच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटतो, पण तेवढ्यासाठीही ठोकळ्यावर पंखा चढवावा लागला आणि घरच्या संगणकाच्या घरघरीत आणखी एका पंख्याची भर पडली.

तोवर ठोकळा आणि पंखा ही जुळणी करणाऱ्याची जबाबदारी होती. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर संगणक जुळवून देणारा माणूस प्रोसेसर एका गाळ्यातून घेई आणि पंखा दुसऱ्या. पंखा कसा असावा याला नियम नव्हता, बसला आणि फिरला की झाले. प्रोसेसर मोठ्या उत्पादकांना ट्रेमध्ये भरून जात आणि तिथूनच सुटे होऊन बाजारात येत. गिऱ्हाइकासाठी मात्र डब्यात बंद केलेला प्रोसेसर निघू लागला. इंटेलने डब्यातल्या प्रोसेसरवर थेट तीन वर्षांची हमी दिली, ट्रेमधल्यावर दिली नाही. ज्या चिपची हमी कंपनीने घ्यायची तिच्या डोक्यावर कोणता पंखा बसतो हे कंपनीनेच ठरवणे ओघाने आले. म्हणून डब्यातला कूलर ही भेट नव्हे, ती हमीचीच दुसरी बाजू. १९९७ चा पेंटियम टू तर कॅसेटसारख्या काडतुसात आला, आणि डब्यातल्या काडतुसाला पंखा आधीच जोडलेला असे.

हमीची गरज किती खरी होती हे २००१ मध्ये सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने एक चित्रफीत प्रसिद्ध केली होती. चालू यंत्रावरचा कूलर उचलला, तर एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत धूर सोडून मेला. त्याच प्रयोगात इंटेलचा पेंटियम फोर नुसता मंदावला आणि जगला, कारण त्याच्या पोटात तापमान पाहून वेग उतरवणारी यंत्रणा होती. ही यंत्रणा पुढे सगळ्यांनीच घेतली. तिच्यामुळे प्रोसेसर जळणे जवळपास बंद झाले, पण कूलर अपुरा आहे हे कळण्याचा ढळढळीत मार्गही बंद झाला. आता अपुऱ्या कूलरखालचा प्रोसेसर गुपचूप हळू चालतो आणि घरातले म्हणतात, “संगणक जुना झाला.”

२००४ हे या घराण्यातले तोवरचे सर्वांत तापट वर्ष. त्या वर्षीच्या प्रेसकॉट पेंटियम फोरमधल्या वरच्या चिप ११५ वॅटपर्यंत गेल्या. त्यांच्यासाठी निघालेला गोल कूलर आजही जुन्या यंत्रांत सापडतो. मध्ये तांब्याचा गाभा, भोवती सूर्यकिरणांसारख्या ॲल्युमिनियमच्या पात्या, वर पंखा आणि चार कोपऱ्यांना प्लॅस्टिकच्या खिळ्यांचे पाय. हे पाय बोर्डाच्या भोकांत घालून समोरासमोरच्या जोडीने दाबायचे, प्रत्येकाने ‘कट्’ असा आवाज दिला पाहिजे. दाबताना बोर्ड वाकतो, हात कचरतो आणि चौथा पाय अर्धाच बसतो. ठोकळा एका कोपऱ्यात केसभर उचललेला राहतो. ‘स्टॉक कूलर कुचकामी’ अशी जी ख्याती झाली तिच्यातला मोठा वाटा या अर्धवट बसलेल्या चौथ्या पायाचा आहे. खिळ्यांच्या डोक्यावरचा बाण सोडवण्याची दिशा दाखवतो, बसवण्याची नव्हे. तोही अनेकांनी उलटा वाचला.

याच पिढीत दुसऱ्या आकड्याला, म्हणजे पंख्याच्या तोंडाशी येणाऱ्या हवेला, कागदोपत्री जागा मिळाली. पंख्याच्या तोंडाशी हवा ३० अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर पंखा सर्वांत हळू फिरणार, आणि सुमारे ३८ अंशांना पूर्ण वेग घेणार. त्यापुढे त्याच्याकडे वाढवायला काही उरत नाही. खोली ३५ अंश धरायची आणि कॅबिनेटने आतली हवा त्यापेक्षा तीनच अंश चढू द्यायची, असा तो हिशेब. तो जमावा म्हणून कॅबिनेटच्या डाव्या पत्र्याला भोके पाडून आतून प्लॅस्टिकचे नळकांडे बसवण्याची शिफारस झाली, म्हणजे पंखा खोलीतली ताजी हवा थेट ओढेल. आपल्याकडच्या स्वस्त कॅबिनेटांतही ते नळकांडे वर्षानुवर्षे येत होते. ते कशासाठी हे न कळल्याने पुष्कळांनी ते काढून फेकले.

२००६ मध्ये कोअर टू ड्यूओ आला आणि ६५ वॅटवर समाधानी राहिला. उष्णता घटली तसा कूलरही बुटका झाला. खालच्या वर्गातून तांब्याचा गाभा गेला, नुसते ॲल्युमिनियम राहिले. वरच्या वर्गात तर कंपन्यांनी हातच झटकले. २०१५ च्या स्कायलेकपासून वेग वाढवता येणाऱ्या ‘के’ प्रोसेसरच्या डब्यातून इंटेलने कूलर काढून टाकला. एएमडीने मात्र २०१६ मध्ये ‘रेथ’ नावाचा चांगला, शांत कूलर दाखवला आणि रायझनबरोबर त्याचे स्टेल्थ, स्पायर आणि प्रिझम असे धाकटे-थोरले भाऊ दिले. पण २०२० च्या रायझन ५००० मध्ये ५६००एक्सला स्टेल्थ मिळाला आणि ५८००एक्सला काहीच नाही. जानेवारी २०२२ मध्ये इंटेलनेही ‘लॅमिनार’ नावाने नवी मालिका आणली. तिच्यातला आरएम-वन आज बहुतेक आय-थ्री, आय-फाइव्ह आणि आय-सेव्हनच्या डब्यांत असतो.

घोळ इथेच आहे. आय-फाइव्ह १२४०० वर ६५ वॅट लिहिलेले असते, पण ती पायाभूत मर्यादा झाली; कमाल मर्यादा ११७ वॅट. आय-सेव्हन १३७०० वरही पाया ६५ वॅटच, कमाल मात्र २१९. दोघांच्या डब्यात तोच आरएम-वन. म्हणजे नावापुरते वॅट जुनेच राहिले आणि त्यावरचा खर्च वाढला. बोर्ड बनवणारे बहुधा ही वरची मर्यादा मोकळी सोडतात, कारण चाचणीत यंत्र वेगवान दिसते.

आता दुसऱ्या आकड्याकडे, हवेकडे, वळू. हजीरा तापीच्या मुखाशी, खंबायतच्या आखातावर आहे. खत, वायू, पोलाद आणि अवजड यंत्रांचे कारखाने तिथे एकमेकांना लागून उभे आहेत. तिथल्या वसाहतींत आणि सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली मराठी वस्ती मोठी आहे. उन्हाळ्यात एसी नसलेली वरच्या मजल्यावरची खोली दुपारी ३५ अंशांवर सहज जाते. संगणक टेबलाखालच्या बंद कप्प्यात असेल तर पंख्याच्या तोंडाशी ४० अंश धरायला हरकत नाही. एका वॅटमागे अर्धा अंश चढवणारा कूलर समजा. ६५ वॅटला साडेबत्तीस अंश, म्हणजे चिप साडेबाहत्तरवर. निवांत. ११७ वॅटला साडेअठ्ठावन्न अंश, म्हणजे साडेअठ्ठ्याण्णव, आणि या चिपची मर्यादा १०० अंश. तीच खोली एसीने २६ वर आणली आणि कॅबिनेट मोकळे ठेवले, तर ११७ वॅटलाही चिप नव्वदच्या खाली राहते. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. कूलर तोच, फक्त हवा बदलली.

त्यात समुद्राकडची खारी, दमट हवा आणि यंत्रमागांच्या भागातले सिंथेटिक धाग्याचे तंतू. ओलाव्याने धूळ चिकट होते आणि वर्षभरात पंखुड्यांच्या फटींत नमद्यासारखा थर बसतो. पंखा फिरताना दिसतो, हवा मात्र खाली पोचत नाही. अर्ध्या अंशाचा कूलर मग पाऊण अंशाचा होतो आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. दोष कूलरला दिला जातो आणि नवा आणला जातो. चार रुपयांच्या ब्रशने भागले असते.

थंडाव्याच्या बाबतीत हजीऱ्याचा लौकिक तसा थोर आहे. फ्रान्समधल्या इटर या संलयन प्रकल्पाचा क्रायोस्टॅट, सुमारे ३० मीटर उंच, तितकाच रुंद आणि ३,८५० टन वजनाचा, लार्सन अँड टुब्रोच्या हजीऱ्यातल्या कारखान्यात ५४ भागांत घडला. त्याचे शेवटचे भाग ३० जून २०२० रोजी रवाना झाले. आतले चुंबक उणे २६९ अंशांवर ठेवण्यासाठी भोवती निर्वात पोकळी धरणे हे त्याचे काम. थर्मासचे तत्त्व तेच, माप तेवढे राक्षसी. घरच्या कूलरचे काम नेमके उलटे, आतली उष्णता जितक्या लवकर बाहेर जाईल तितके बरे.

तेव्हा निवाडा असा. मुलांचा अभ्यास, हिशेब, व्हिडिओ पाहणे, साधे खेळ आणि ६५ वॅटच्या मर्यादेत ठेवलेला प्रोसेसर, एवढ्याला डब्यातला कूलर हजीऱ्याच्या मे महिन्यातही पुरतो. अट इतकीच की चारही पाय पुरे बसलेले हवेत, कॅबिनेटला मागे-पुढे वीत-वीतभर जागा हवी आणि पावसाळा संपल्यावर एकदा ब्रश फिरवायला हवा. तासन्‌तास व्हिडिओ तयार करणारे किंवा वरची मर्यादा मोकळी सोडलेले आय-सेव्हनचे यंत्र असेल, तर उभा टॉवर कूलर घ्यावा, त्या खर्चाची हळहळ नको. साफसफाईसाठी कूलर काढताना यंत्र आधी थोडे चालवून गरम करावे. जुन्या रायझनमध्ये पेस्ट वाळलेली असेल तर सरळ ओढल्याने प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, म्हणून कूलर आधी हलकेच पिळावा. आणि इंटेलच्या ठोकळ्याखाली कारखान्यातून लावून आलेले पेस्टचे तीन करडे पट्टे एकदाच कामाचे असतात. कूलर उचलला की ते पुसून नवी पेस्ट लावावी लागते.