रॉबिन हुडच्या शिळा

इंग्लंडच्या लोककथांतील बंडखोर धनुर्धर रॉबिन हुड याच्या नावाने ओळखले जाणारे नैसर्गिक खडक, सुटे पाषाण व उभे केलेले दगड. यॉर्कशर व डर्बिशर परगण्यांतील शिळा विशेष प्रसिद्ध आहेत.

१४२२ मधील उल्लेख सर्वांत महत्त्वाचा. यॉर्कशरमधील मंक ब्रेटन मठाच्या दस्तऐवजांतील एका जमीनपत्रात जागेची खूण म्हणून रॉबिन हुडची शिळा नोंदली आहे. शिळेचा हा भाग बार्न्झडेलचा. जुन्या गाथागीतांत रॉबिनचा वावर येथेच दिसतो. या गीतांची उपलब्ध हस्तलिखिते मात्र १४२२ नंतरची आहेत. त्यामुळे कवनांइतकाच हा रूक्ष कागद अभ्यासकांना मोलाचा वाटतो. रॉबिन खरोखर होऊन गेला की नाही, हे अर्थात त्यावरून ठरत नाही.

हॅलिफॅक्स परिसराचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन वॉटसनने (१७७५) तेथील ‘पेनी स्टोन’ची माहिती दिली आहे. रॉबिन करमणुकीसाठी हा प्रचंड दगड नेम धरून फेकत असे, अशी समजूत होती. कॉर्नवॉलमध्ये प्रत्येक अद्भुत गोष्ट आर्थर राजाच्या नावावर जमा होते, तशी येथे ती रॉबिनच्या, असे वॉटसनने नोंदवले. असल्या शिळांच्या कथांत धनुर्धराचा राक्षस झालेला दिसतो. डर्बिशरमध्ये बर्चओव्हर गावाजवळील ‘रॉबिन हुड्स स्ट्राइड’ (रॉबिन हुडची ढांग) याच प्रकारातला. भरड वालुकाश्माच्या या खडकाला दोन सुळके असून त्यांत सुमारे २० मी. अंतर आहे, ते त्याने एका ढांगेत ओलांडले म्हणे. सांजवेळी हे सुळके वाड्याच्या धुराड्यांसारखे दिसून भिकारी फसत, म्हणून ‘मॉक बेगर्स हॉल’ असेही नाव आहे. जवळच्या ‘नाइन स्टोन्स क्लोज’ या शिलावर्तुळात, नाव नऊ दगडांचे असले तरी, चारच उभे आहेत.

पीटरबरोजवळील कॅस्टर येथे ‘रॉबिन हुड’ व (त्याचा साथीदार) ‘लिटल जॉन’ असे दोन दगड आहेत. ते या दोघांनी सोडलेले बाण, असे लोक सांगतात. बार्नॅकच्या खाणींतून बरी सेंट एडमंड्सच्या मठाकडे जाणाऱ्या दगडाला जकात माफ होती व त्या वाटेच्या या खुणा असाव्यात, असे एक मत आहे.

लिव्हरपूलच्या ॲलर्टन भागातील रॉबिन हुडच्या नावाची खोबणीदार शिळा १९२८ मध्ये मूळ जागेवरून हलवली.

खडकाला बंडखोराचे नाव मिळणे इंग्लंडपुरतेच नाही : ऑस्ट्रेलियात यूरालाजवळचा ग्रॅनाइटचा ‘थंडरबोल्ट्स रॉक’ फ्रेडरिक वॉर्ड (मृत्यू १८७०) या ऐतिहासिक दरोडेखोराच्या टोपणनावाने ओळखला जातो.