भिडस्तपणा

समोरचा दुखावेल, रागावेल या धास्तीने मनात नसताना होकार देत राहण्याची सवय. उसने पैसे असोत, सुटीच्या दिवशीचे काम असो की कागदावरची सही, भिडस्त माणूस ‘बघतो’ म्हणतो आणि मग रात्रभर कुढतो. हा स्वभाव चांगुलपणात मोजला जातो, तिथेच घोटाळा होतो. चांगुलपणातला होकार मोकळ्या मनाने आलेला असतो, भिडेचा होकार भीतीपोटी.

मानसोपचारतज्ज्ञ कॅरेन हॉर्नी यांनी १९४५ साली इतरांच्या मर्जीत राहून सुरक्षितता शोधणाऱ्या माणसांचे वर्णन केले. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९६२च्या ग्रंथात ज्या ११ अविवेकी समजुती मांडल्या, त्यांत पहिलीच ही : जवळच्या जवळजवळ प्रत्येकाचे प्रेम आणि पसंती मला मिळालीच पाहिजे. पसंती मिळावी असे वाटणे स्वाभाविक आहे. दुखणे त्या ‘च’मध्ये आहे. एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत पोचवण्यात किशोर फडके यांचा वाटा मोठा आहे.

महाराष्ट्रात भिडेची सर्वांत महाग किंमत बहुधा जामीनदार मोजतो. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन लागतो आणि भावकीतला किंवा कचेरीतला कोणी ‘नुसती सही कर’ म्हणत कागद पुढे सरकवतो. पण भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला जामीनदाराविरुद्धही निघू शकतो. सही नाकारताना जे नाते तुटेल असे वाटत होते, ते बरेचदा या वसुलीत तुटते. म्हणून सुरुवातीचा नकारच दोघांच्या हिताचा.

नकार हे कौशल्य आहे आणि ते सरावाने येते. मानसशास्त्रज्ञ मॅन्युएल स्मिथ यांनी १९७५च्या पुस्तकात सुचवलेली एक रीत सोपी आहे : आवाज न चढवता, नवी कारणे न देता तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. ‘मामा, मी कोणालाच जामीन राहत नाही.’ मामांनी जुने उपकार काढले तरी उत्तर तेच. कारणे जितकी जास्त, तितकी ती खोडून काढायला जागा जास्त. दुसरा उपाय वेळ मागण्याचा : ‘कागद वाचून उद्या सांगतो.’ मात्र उद्या खरोखर सांगावे. टोलवाटोलवीने समोरचा ताटकळतो आणि ते नकारापेक्षा वाईट. सराव दुकानदार, वर्गणीवाले यांच्यापासून करावा, आईवडील आणि साहेब नंतर. पहिल्या काही नकारांनंतर अपराधी वाटतेच. त्यामुळे निर्णय चुकला असे समजू नये.

प्रत्येक होकार मात्र भिडस्तपणाच्या खात्यावर टाकता येत नाही. सासरी आधार नसलेली सून, कंत्राट संपण्याच्या भीतीखाली राबणारा कामगार यांचे गप्प राहणे ही परिस्थितीने लादलेली सावधगिरी असते. त्यांना ‘ठाम बोला’ असा उपदेश करणे अन्यायाचे आहे. आधी पाठीशी माणसे आणि कायदा उभा राहायला हवा. घरात जाच होत असेल तर महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. नुसत्या नकाराच्या विचाराने झोप उडत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतूनही बोलता येते.