हजेरी, किल्ला आणि विन्स्टनची डायरी

विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाने कादंबरीवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण राज्यसंस्था आणि व्यक्तिस्वातंत्र्य हा भाग आम्ही शिकवायचो, तेव्हा हॉब्ज आणि मिल झाले की जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' काढत असू. ती अभ्यासक्रमात नव्हती, तरी काढत असू.

पुस्तक प्रसिद्ध झालं जून १९४९ मध्ये. त्यात विन्स्टन स्मिथ नावाचा एक कारकून आहे. जुनी वर्तमानपत्रं दुरुस्त करणं ही त्याची नोकरी. पक्षाने काल जे सांगितलं ते आज खोटं ठरलं, तर कालचा अंकच बदलायचा. घरात भिंतीवर एक पडदा असतो. तो दाखवतो तसाच पाहतोही. आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा 'बिग ब्रदर'. याला मराठीत काय म्हणायचं, यावर वर्गात दरवर्षी वाद व्हायचा. 'थोरला भाऊ' म्हटलं तर माया येते, धाक येत नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "सर, दादा म्हणा." आणि वर्ग हसायचा. बघा, आपल्या भाषेत दादा म्हणजे पाठीवर हात ठेवणारा, आणि दादा म्हणजे मोहल्ल्याला दमात घेणाराही. ऑर्वेलला जे दोन शब्दांत सांगावं लागलं, ते आपल्याकडे एकाच शब्दात आहे.

आता इतिहासाकडे येऊ. ऑर्वेलचं खरं नाव एरिक ब्लेअर. जन्म २५ जून १९०३, बिहारमधल्या मोतीहारीचा. वडील सरकारच्या अफू खात्यात. १९२२ ते १९२७ ही पाच वर्षं हा गृहस्थ ब्रह्मदेशात इंपीरियल पोलीस दलात अधिकारी होता. म्हणजे पाळत ठेवणं म्हणजे काय, हे तो ठेवणाऱ्यांच्या बाजूने शिकला. पुढे त्याच्यावरच ब्रिटिश पोलिसांनी पाळत ठेवली; त्याची फाइल २००७ साली खुली झाली.

आणि इथे आपलं नगर येतं. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले आणि कार्यकारिणीच्या सदस्यांना आपल्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव. सुरुवातीला वर्तमानपत्रंही बंद. १९४३ च्या एप्रिलात मौलानांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या; मौलाना इथेच होते. मित्राला पत्रं लिहीत राहिले, जी पाठवता येत नव्हती. 'गुबार-ए-खातिर' ती हीच पत्रं. नेहरूंनी १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं.

त्याच काळात ऑर्वेल लंडनला काय करत होता? १९४१ ते १९४३ तो बीबीसीच्या पूर्व विभागात नोकरीला होता आणि हिंदुस्थानसाठी भाषणं आणि बातम्यांवरची टिपणं तयार करत होता. प्रत्येक मजकूर सेन्सॉरच्या हाताखालून जायचा. म्हणजे इकडे किल्ल्यात पत्रं अडलेली, आणि तिकडे त्याच सरकारच्या ध्वनिक्षेपकासमोर हा माणूस. कादंबरीतल्या सत्य मंत्रालयाचे काही रंग त्या नोकरीतले आहेत, असं अभ्यासक मानतात. आम्हाला ते पटतं.

हे सगळं आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगायचो. मग एका वर्षी एक मुलगा उठला. पारधी समाजातला, आपल्याच जिल्ह्यातला. म्हणाला, "सर, यात नवीन काय आहे? आमचा आज्जा रोज हजेरीला जायचा."

आम्ही गप्प झालो. मिल आम्हाला पाठ होता, १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा नव्हता. जन्माने गुन्हेगार ठरवायचं, रजिस्टरात नाव चढवायचं, बोटांचे ठसे घ्यायचे. ठरलेल्या वेळी हजेरी. मुक्काम बदलायचा तर आधी कळवायचं. कित्येकांना तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये राहावं लागलं. कादंबरीत मनात आलेला विचार गुन्हा आहे. इथे विचारही लागत नव्हता, जन्म पुरे होता. हा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. कायदा गेला, संशय गेला का? उत्तर त्या मुलाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यानंतर तो कायदा वाचल्याशिवाय आम्ही कादंबरी शिकवली नाही.

आता एक कबुली. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. तारीख योगायोगाने ऑर्वेलच्या जन्माची. आम्ही तेव्हा नवे प्राध्यापक. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. त्याच डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण समोर असताना, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत लेखनस्वातंत्र्यावर निर्भयपणे बोलल्या, आणि पुढे तुरुंगात गेल्या. आणि आम्ही? आम्ही त्या वर्षी '१९८४' वर्गात काढलीच नाही. कुणी सांगितलं नव्हतं हो. ना प्राचार्यांनी, ना पोलिसांनी. आमचं आम्हीच ठरवलं, की यंदा पोर्शन मोठा आहे, वेळ पुरणार नाही. आणि गंमत अशी, की हे कारण आम्हाला खरंच वाटत होतं. ऑर्वेलने ज्याला दुहेरी विचार म्हटलं, तो आम्ही असा शिकलो, पुस्तक न उघडता.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. पाळतीचा इतिहास शिकवताना पडदा आणि कॅमेरा दाखवणं सोपं असतं. आज तर तो प्रत्येकाच्या खिशात आहे. अवघड असतं ते हे विचारणं, की हजेरी कुणाची लागत होती, आणि तेव्हा आपण कुठे उभे होतो.

शेवटची काही वर्षं आम्ही वर्गाला एक काम द्यायचो. विन्स्टनसारखं एक वाक्य लिहा, जे तुम्हाला खरं वाटतं पण मोठ्याने म्हणायला भीती वाटते. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "सर, मार्क किती?" आम्ही सांगायचो, मार्क नाहीत, आणि कागद आमच्याकडे द्यायचाही नाही. तुमच्याजवळ ठेवा. मग वर्गात बराच वेळ फक्त पेनांचा आवाज यायचा. आमचा कागद आज तुमच्यासमोर वाचून झाला.