घोंगडी, गॅबर्डिन आणि घाम

पहिल्यांदा हिमालयात ट्रेकला निघालो तेव्हा म्हसवडला आजोबा म्हणाले, "घोंगडी घेऊन जा की." मी हसलो. महागाचं जाकीट घेतलं होतं ना!

आत मात्र सुती बनियन. चढताना घामाघूम झालो, जरा टेकलो आणि पाच मिनिटांत दात वाजायला लागले. जाकिटाचा दोष नव्हता. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओल्या कपड्यातून अंगातली ऊब भराभर निघून जाते.

परत आल्यावर वाचायला बसलो. 8 जून 1924 ला मॅलरी आणि अर्विन एव्हरेस्टवर बेपत्ता झाले. 'बिचारे ट्वीडचे कोट घालून गेले' असं आपण ऐकतो. पण 1 मे 1999 ला मॅलरीचा देह सापडला तेव्हा अंगावर रेशमी, सुती, लोकरी असे एकावर एक थर होते आणि वर वारा अडवणारं गॅबर्डिन. 2006 मध्ये ग्रॅहम हॉयलंडने त्या कपड्यांची हुबेहूब नक्कल एव्हरेस्टवर घालून पाहिली. हलके आणि चांगले उबदार निघाले! त्याआधी 1922 च्या मोहिमेत जॉर्ज फिंचने बलूनच्या कापडात पिसं भरलेला कोट नेला, तेव्हा लोक त्याला हसले होते. आज एव्हरेस्टवर सगळे पिसांचेच कोट घालतात.

तत्त्व आपल्या सॉफ्टवेअरचंच, एका लेअरला एकच काम. आतल्याने घाम बाहेर काढायचा, मधल्याने हवा कोंडून ठेवायची (ऊब त्या हवेचीच), वरच्याने वारा अडवायचा.

आणि घोंगडी? माणदेशी मेंढीची खरखरीत लोकर, सणगरांचा माग, चिंचोक्याची खळ. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प शोषते, तरी ओली लागत नाही. अर्थात घोंगडी जड, ती घेऊन कोणी शिखर चढणार नाही.

पण एक गोष्ट आता आठवते. मेंढरांमागे चालताना आजोबांची घोंगडी खांद्यावर असायची. बसले रे बसले की अंगावर. मी नेमकं उलटं केलं होतं. चढताना जाकीट गळ्यापर्यंत बंद, थांबल्यावर गरम होतंय म्हणून चेन उघडी!

आता निघताना थोडी थंडी वाजू देतो आणि थांबलो की आधी जाकीट चढवतो, मग पाणी पितो. हे आजोबांना सांगायचं राहून गेलं. घोंगडी अजून खुंटीला आहे. असो.