सोय

बजाजनगरच्या शाखेत बदली होऊन आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. एक मावशी काउंटरशी आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, इथं सोय आहे का?"

मी पडलो बी. कॉम.! "आहे ना!" म्हणून मुदत ठेव, आवर्ती ठेव, सोनेतारण, साऱ्या सोयी एका दमात सांगितल्या. मावशी अधिकच कावऱ्याबावऱ्या. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाई उठल्या आणि त्यांना आत घेऊन गेल्या. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मग मी या शब्दांचा इतिहास उकरला. या जागेला थेट नावानं हाक मारायला माणूस पूर्वीपासून लाजतो. आमचे आजोबा 'परसाकडे' जात, म्हणजे नुसते घरामागे! जुन्या मराठीतला 'शेतखाना' ऐकून शेत डोळ्यांपुढे येतं. पण तो मूळचा फारसी 'सेहतखाना', म्हणजे चक्क आरोग्याचं घर. 'शौच' म्हणजे तर शुद्धी. पतंजलींच्या पाच नियमांत तिचा पहिला नंबर! पण शब्द कितीही सोवळा असो, जागेचा वास त्याला लागतोच. मग शौचालयाचं स्वच्छतागृह होतं, स्वच्छतागृहाचं प्रसाधनगृह. मळकी नोट बदलून द्यावी तसा शब्द बदलायचा. जागा धुण्यापेक्षा पाटी रंगवणं स्वस्त पडतं.

बिंदेश्वर पाठकांनी 1970 साली बिहारात 'सुलभ'चं काम सुरू केलं. 1974 मध्ये पाटण्याला पैसे देऊन वापरायचं शौचालय उघडलं, आणि एका गरीब विशेषणाला नामाची बढती मिळाली. आता "सुलभ कुठंय?" म्हटलं की कुणी "काय सुलभ?" असं विचारत नाही, सरळ बोट दाखवतो.

आडपडदा नाही तो एका 'मुतारी'ला. पण ती बहुधा पुरुषांची. बायकांच्या वाट्याला 'सोय' हा शब्द आला. सोय आलीच असं नाही. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' चळवळीतल्या बायका विचारू लागल्या, की पुरुषांना फुकट, मग आम्हांला पैसे का? हा हिशेब कॉमर्सवाल्यालाही सुटत नाही.

1985 साली वाळूजला बजाजचा स्कूटरचा कारखाना सुरू झाला. आमचं बजाजनगर त्याचंच नाव लावतं. इथं बसायला स्कूटर मिळते, उतरल्यावर जायचं कुठं, हा प्रश्न उरतो.

मावशी बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाहेर पडायचं म्हणून सकाळपासून पाणी प्याले नव्हते बघा."

आत जायच्या दारावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी आहे. ती मला काढता येत नाही. पण आता कुणी "सोय आहे का?" विचारलं, की मी ठेवींचं बोलत नाही. गुपचूप किल्ली पुढे करतो.