ढेकणांचा बंदोबस्त : खिशाला परवडणारा, जिवावर न बेतणारा

घरात ढेकूण झाल्याचे लक्षात आले की बहुतेक कुटुंबे प्रथम ती गोष्ट लपवतात. शेजाऱ्यांना, सोसायटीला किंवा घरमालकाला सुगावा लागू नये म्हणून दुकानातून मिळेल ती बाटली गुपचूप आणली जाते, गादी रात्रीच्या वेळी जिन्याखाली नेऊन टाकली जाते आणि चार दिवस शांतता लाभल्यासारखे वाटते. पंधरवडा उलटत नाही तोच ढेकूण पुन्हा हजर होतात. दरम्यान जिन्याखालच्या गादीतून ते शेजारच्या घरीही पोहोचलेले असतात.

ढेकूण म्हणजे अस्वच्छतेची खूण, हा समज या लपवाछपवीच्या मुळाशी आहे. वस्तुतः ढेकणाला केरकचरा लागत नाही, त्याला माणसाचे रक्त लागते. प्रवासातील सामान, सिनेमागृहातील खुर्ची, वसतिगृहातून परतलेली वळकटी किंवा जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेला पलंग यांतून तो कोणाच्याही घरी येतो. मुंबईतील दहा बाय बाराच्या खोल्या आणि पुण्यातील ‘कॉट बेसिस’वर दिल्या जाणाऱ्या जागा यांत त्याचे फावते, कारण तेथे बिछाने जवळजवळ असतात आणि माणसे सतत बदलत असतात. महागड्या फवारणीचा खर्च न झेपणाऱ्यांसाठीही मार्ग आहे. त्यासाठी पैशांपेक्षा चिकाटी अधिक लागते.

आधी ओळख करून घ्या

पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे पाच मिलिमीटर लांब, चपटा व तांबूस-तपकिरी असतो. अंडे पांढरट आणि जेमतेम एक मिलिमीटरचे असते. आपल्याकडील उष्ण हवेत अंड्यातून साधारण आठवडा-दहा दिवसांत पिलू बाहेर येते. पूर्ण वाढ होईपर्यंत ते पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी त्याला रक्ताची गरज असते. मादी आपल्या आयुष्यात दोनशेहून अधिक अंडी घालू शकते. उपाशी ढेकूणही काही महिने तग धरतो. म्हणून खोली काही दिवस बंद ठेवल्याने ढेकूण मरत नाहीत.

एकदा केलेली फवारणी का फसते, याचे उत्तर या जीवनक्रमात आहे. फवारणीने समोर दिसणारे ढेकूण मरतात, फटींतील अंडी मात्र बहुधा वाचतात. शिवाय घरगुती फवाऱ्यांत सर्रास असणाऱ्या ‘पायरेथ्रॉइड’ गटातील औषधांना अनेक ठिकाणचे ढेकूण आता दाद देत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या बाबतीतही हेच घडले होते.

ढेकणांमुळे माणसांत रोग पसरत असल्याचा ठोस पुरावा नाही. मात्र खाज, जखमा चिघळणे आणि झोपेचे खोबरे होणे हा त्रासही लहान नाही. एकाच बिछान्यावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर गांधी उठतात, तर दुसऱ्याच्या अंगावर काहीच दिसत नाही. त्यामुळे केवळ चाव्यांवरून निष्कर्ष काढू नये.

शोध कुठे घ्यावा

एक टॉर्च, एक जुने प्लास्टिकचे कार्ड आणि साबणाच्या पाण्याने भरलेला डबा एवढी सामग्री पुरते. गादीच्या शिवणी, उशीचे कोपरे, पलंगाच्या फळ्यांचे सांधे, स्क्रूची भोके, डोक्याकडील फळीची मागील बाजू, भिंतीवरील तसबिरी व कॅलेंडर यांमागील जागा, पडद्यांच्या दुमडी आणि भिंतीतील भेगा तपासाव्यात. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग, टाकलेली कात आणि चादरीवरील रक्ताचे बारीक डाग या ढेकणांच्या खुणा होत. सापडलेले ढेकूण कार्डाने खरवडून डब्यात टाकावेत. स्वीच बोर्डात पाणी किंवा औषध चुकूनही मारू नये.

उष्णता : सर्वांत स्वस्त औषध

पन्नास अंशांच्या वर तापमान काही काळ टिकले की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. आपल्या आजी-पणजी लोखंडी खाट अंगणात नेऊन तिच्यावर उकळते पाणी ओतत, त्यामागे हेच शास्त्र होते. लोखंडी पलंगासाठी ही पद्धत आजही उत्तम आहे. प्लायवूड मात्र पाण्याने फुगते. तेथे सांधे खोलून, खरवडून, फटी लांबी किंवा मेणाने बुजवाव्यात.

चादरी, अभ्रे, मच्छरदाणी आणि सुती कपडे साठ अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून मग धुवावेत. सुती गादीच्या शिवणींवर ओलसर फडके ठेवून गरम इस्त्री सावकाश फिरवल्यास वाफ आत जाते. फोमच्या किंवा रेक्झिनच्या गादीवर हा प्रयोग करू नये.

नुसती गादी उन्हात टाकणे पुरेसे नाही. वरचा भाग तापला की ढेकूण खालच्या सावलीत सरकतात आणि गादीचा गाभा तेवढा तापत नाही. उन्हाळ्यात मोजके कपडे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दुपारभर गच्चीवर ठेवावेत व मध्ये उलटावेत. पावसाळ्यात हा उपाय निरुपयोगी आहे. पुस्तके आणि लहान वस्तू घट्ट पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवता येतात. फ्रीझरचे तापमान उणे अठरा अंशांपर्यंत जात असेल तरच हा उपाय करावा.

पलंगाचे बेट करा

पलंग भिंतीपासून वीतभर दूर ओढावा. चादर किंवा मच्छरदाणी जमिनीला टेकू देऊ नये. पलंगाखाली सामान ठेवू नये. प्रत्येक पायाखाली पसरट वाडगे ठेवून त्यात साबणाचे पाणी घालावे. येथे एक बारकावा आहे. परदेशांतील सल्ल्यांत गुळगुळीत, कोरडी वाटी पुरते असे सांगितले जाते. मात्र उष्ण प्रदेशांत, आपल्याकडेही, आढळणारी ढेकणांची जात थंड प्रदेशांतील जातीपेक्षा गुळगुळीत पृष्ठभागावर अधिक चांगली चढते. त्यामुळे कोरड्या वाटीवर भरवसा ठेवू नये. वाडग्यातील पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावे, अन्यथा डासांची पैदास होऊन डेंग्यूचे नवे संकट ओढवेल.

त्रास होतो म्हणून दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नये. भुकेले ढेकूण माणसामागे तेथेही येतात आणि एका खोलीचा प्रश्न संपूर्ण घराचा होतो.

हे प्रयोग जिवावर बेततात

धान्याच्या गोदामात वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही जण ढेकणांसाठी घरात ठेवतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू बाहेर पडतो. तो भेगांतून शेजारच्या घरातही शिरतो. त्यावर उतारा नाही. अशा गोळ्यांमुळे झोपेतच माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. या गोळ्यांचा वापर सर्वसामान्यांसाठी नाही, त्यावर कायदेशीर निर्बंध आहेत. शेजारी कोणी त्या वापरल्याची शंका आली आणि घरात कोणाला उलट्या, धाप किंवा चक्कर सुरू झाली, तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे, रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना गोळ्यांविषयी स्पष्ट सांगावे. अन्नातून विषबाधा झाली असेल या समजुतीत वेळ दवडू नये.

डायक्लोरव्हॉस या एकेकाळी घरोघरी फवारल्या जाणाऱ्या औषधाच्या वापरावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. जुनी बाटली माळ्यावर पडली असल्यास ती वापरू नये. रॉकेल आणि स्पिरिट यांमुळे आगीचा धोका संभवतो. शेतीची कीटकनाशके बिछान्यावर मारणे म्हणजे ती रात्रभर श्वासावाटे आत घेणे होय. वेखंड, कडुनिंब किंवा डांबराच्या गोळ्या यांनी घर ढेकूणमुक्त होत नाही. डांबराच्या गोळ्या तान्ह्या मुलांना अपायकारक ठरू शकतात.

खर्च करायचाच असेल तर

पहिला खर्च गादीच्या संपूर्ण बंद होणाऱ्या, चेनच्या खोळीवर करावा आणि ती वर्षभर काढू नये. आत अडकलेले ढेकूण उपासमारीने मरतात आणि गादी टाकून देण्याचा मोठा खर्च वाचतो.

फवारणी करून घ्यायची असल्यास संबंधितांकडे परवाना आहे का, ते पाहावे. औषधाचे नाव लेखी घ्यावे. पंधरवड्याच्या अंतराने किमान दोन फेऱ्या त्याच दरात होणार का, हे आधीच ठरवावे. लागून असलेल्या दोन-तीन घरांनी मिळून काम दिले तर दराची घासाघीस करता येते. मुख्य म्हणजे ढेकणांना भिंतीपलीकडे पळायला जागा उरत नाही.

आठवड्याचे वेळापत्रक

- दर रविवारी : टॉर्चने तपासणी, खरवडणे, चादरी-अभ्रे गरम पाण्यात.
- दर दोन-तीन दिवसांनी : वाडग्यांतील पाणी बदलणे, त्यात बुडालेले ढेकूण मोजणे.
- सलग सहा आठवडे हा क्रम मोडू नये. आकडा शून्यावर आला तरी पुढे दोन महिने तपासणी चालू ठेवावी.
- प्रवासाहून आल्यावर बॅग पलंगावर न ठेवता आधी गॅलरीत रिकामी करावी.

या यादीतील एक काम फुकट आहे आणि तेच सर्वांना सर्वाधिक जड जाते. ते म्हणजे शेजारच्या दारावर टकटक करून, ‘आमच्याकडे ढेकूण झाले आहेत, तुमच्याकडेही एकदा पाहा,’ असे सांगणे. पुष्कळदा समोरून उत्तर येते, ‘आमच्याकडेही आहेत, पण बोलायचे कसे?’