ब्लॉक आला आणि घर बदललं

नोव्हेंबर 1937 मध्ये मुंबईकर टाउन हॉलच्या उंच पायऱ्या चढून घर बघायला जात होते. आज जिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे, त्याच वास्तूत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं होतं. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी 1917 साली काढलेलं मंडळ वाढत गेलं आणि 1929 मध्ये त्याला हे नाव मिळालं. लंडनमध्ये ‘डेली मेल’ 1908 पासून अशी प्रदर्शनं भरवत होतं. मुंबईतही घाट तोच होता. सजवलेल्या खोल्या, विजेवर चालणारी उपकरणं, सिमेंट, फरश्या, नळ, बेसिनं, फर्निचर असा सगळा संसार तिथे मांडलेला होता.

मुंबईच्या घरसजावटीचा इतिहास सांगताना बहुधा या प्रदर्शनातल्या कोचांपासून आणि गोलाकार आरशांपासून सुरुवात होते. ती अपुरी आहे. मराठी मध्यमवर्गाच्या घरात आधुनिकता आधी नळाच्या पाइपातून, विजेच्या तारेतून आणि सिमेंटच्या स्लॅबमधून शिरली. कोच मागाहून आला.

त्याआधीच्या घराला सजावट नव्हती असं मुळीच नाही. वाड्याच्या ओसरीवर झोपाळा, दिवाणखान्यात गादी, लोड आणि तक्के, छताला हंड्या-झुंबरं, भिंतीत कोनाडे आणि फडताळं, माजघरात मांडणीवर घासूनपुसून लावलेली पितळेची भांडी. सामान कमी आणि ते हलवता येणारं. पाट जेवणापुरता मांडायचा, अंथरूण रात्रीपुरतं घालायचं. एकाच खोलीचे दिवसातून चार उपयोग. चाळीने हीच रीत दहा-बारा फुटांच्या खोलीत कोंबली. सरकारी डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली सुमारे 160 चौरस फुटांची होती. मोरी खोलीत, संडास मजल्यावर सगळ्यांचे सामाईक. अशा खोलीत सजावट म्हणजे खुंटीवरचे कपडे नीट टांगणं आणि भिंतीवर देवाची तसबीर लावणं. या तसबिरींत राजा रविवर्म्याची छापील चित्रं फार होती. त्याचा छापखाना 1894 मध्ये गिरगावातच सुरू झाला होता आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

बदलाला निमित्त झालं ते प्लेगचं. 1896 च्या साथीने मुंबईच्या दाटीची लाज उघडी पाडली. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर, माटुंगा, वडाळा या भागांत शेतं आणि मोकळ्या जमिनी घेऊन रस्ते आखले. त्या आखणीतून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंग्याची वस्ती उभी राहिली; पश्चिमेला 1925 साली खुल्या झालेल्या आणि दोन वर्षांनी शिवाजी पार्क हे नाव मिळालेल्या मैदानाभोवती मराठी मध्यमवर्गाचं नवं ठाणं झालं. दक्षिणेला समुद्रात भर घालून मिळालेल्या जमिनीवर ओव्हल मैदानाच्या आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती चढल्या. या सगळ्या इमारतींत राहायला मिळणाऱ्या जागेला लोक ‘ब्लॉक’ म्हणत. दार लावलं की आत सगळं आपलं: स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडाससुद्धा.

या ‘संडाससुद्धा’ने घराघरांत केवढी खळबळ उडवली असेल, याची कल्पना आज करणं अवघड आहे. वाड्यात संडास परसात, शक्य तितका दूर. शहरात टोपलीचे संडास, त्यांच्या मागे घरगल्ली आणि मैला डोक्यावरून वाहून नेणारी माणसं. सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या चुलीपासून काही पावलांवर संडास असणं ही जुन्या पिढीला न पटणारी गोष्ट होती. आराखडे काढणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून संडास ब्लॉकच्या मागच्या अंगाला, मध्ये बोळ ठेवून; न्हाणीघर वेगळं, संडास वेगळा.

आणि इमारतीच्या मागे लोखंडी गोल जिना. दक्षिण मुंबईतल्या कितीतरी इमारतींच्या पाठीमागे तो अजून दिसतो. सफाई कामगारांनी पुढच्या जिन्याने, दिवाणखान्यातून येऊ नये, यासाठी तो होता. पुढच्या बाजूला सूर्यकिरणांची जाळी, गोलाई घेतलेली गॅलरी, लिफ्ट. मागच्या बाजूला जातीची जुनी वाट, फक्त आता ओतीव लोखंडाची. या घरांच्या देखणेपणाबद्दल लिहिताना तो जिना वगळणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

स्वयंपाकघरातला बदल संथ होता आणि माझ्या मते सगळ्यांत मोठाही. शतकानुशतकं स्वयंपाक बसून होत आला होता: चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर. धुराने काळवंडलेल्या भिंती आणि गुडघे धरलेल्या बायका हे त्याचे परिणाम. ब्लॉकच्या स्वयंपाकघरात कमरेइतक्या उंचीचा ओटा आला, पुढे त्यावर काळा कडप्पा बसला. पण ओटा बांधला म्हणून बाई लगेच उभी राहिली असं झालं नाही. अनेक घरांत शेगडी खालीच राहिली आणि ओट्यावर पाण्याचे हंडे-कळश्या चढले. कोळशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह, आणि 1955 मध्ये बर्मा शेलने मुंबईत आणलेला बर्शेन गॅस: इंधन बदलत गेलं तसतसा स्वयंपाक जमिनीवरून उठला. सिलिंडर ओट्याखाली आणि दोन बर्नरची शेगडी वर ही मांडणी रुळल्यावर मग फळ्या, डब्यांची रांग, भिंतीतलं कपाट हे सगळं उभ्या बाईच्या हाताच्या उंचीने ठरू लागलं. आजच्या मॉड्युलर किचनची मापं त्याच कडप्प्याच्या ओट्यापासून निघतात.

पायाखालीही तेच घडत होतं. शेणाने सारवलेली जमीन, मग शहाबादी फरशी आणि मग सिमेंटच्या रंगीत फरश्या. अशा फरश्या आधी विलायतेतून यायच्या. फेरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम यांनी 1922 मध्ये स्वदेशीच्या प्रेरणेने भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली, कारखाना उरणला. तिच्या नक्षीच्या फरश्या मुंबईच्या घरांत इतक्या पसरल्या की भाडेकरू बदलले, रंग बदलले, पण जमीन तीच राहिली. मोझॅकची फरशी ही या काळाची दुसरी खूण. ओल्या फडक्याने पुसली की लख्ख. प्लेग पाहिलेल्या शहराला धुळीचं भय होतं आणि नव्या शैलीचा गुळगुळीतपणा त्या भयाला उत्तर होता.

फर्निचरलाही हाच न्याय लागला. एकोणिसाव्या शतकात मुंबई शिसवीच्या कोरीव फर्निचरसाठी प्रसिद्ध होती. वेलबुट्टी, पशुपक्षी, जाळीकाम यांनी लगडलेल्या खुर्च्या आणि टेबलं श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असत. तीसच्या दशकात त्या जुनाट वाटू लागल्या, कारण त्यांच्या खाचाखोचांत धूळ बसते. नवा कोच सपाट हाताचा, गोल कडांचा. टेबल काचेचं किंवा पॉलिश केलेल्या प्लायवूडचं, पाय चकचकीत नळीचे. हा आकार लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो बहुधा सिनेमागृहात. 1933 चं रीगल, 1938 चं इरॉस, 1949 चं लिबर्टी: तिकिटाच्या पैशात गारवा मिळायचा, दडवलेल्या दिव्यांचा उजेड मिळायचा आणि पुढचं घर कसं असावं याची ओळखही व्हायची. त्या वेळी कुणी याला ‘आर्ट डेको’ म्हणत नव्हतं. ते नाव रूढ झालं 1960 च्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा हे सगळं नुसतं ‘मॉडर्न’ होतं.

मॉडर्न दिवाणखान्यात बसण्याची दिशाही बदलली. मुंबईचं रेडिओ केंद्र जुलै 1927 मध्ये सुरू झालं आणि पुढच्या दहा वर्षांत लाकडी पेटीचा रेडिओ खोलीतल्या मानाच्या जागी गेला. खुर्च्या त्याच्याकडे तोंड करून लागल्या. भिंतीवर छताजवळ पुढे झुकवून टांगलेल्या पूर्वजांच्या फोटोंची रांग हळूहळू आतल्या खोलीत गेली. बाहेर एखादंच चित्र, डोळ्यांच्या उंचीला. केकू गांधी यांनी 1941 च्या सुमारास केमोल्ड फ्रेम्स सुरू केलं, आणि त्यांच्या चौकटींच्या दुकानात प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांची कामं लागू लागली, ती याच बदलत्या भिंतींच्या जोरावर. देवघर मात्र स्वयंपाकघरात किंवा त्याच्या शेजारी ठाम राहिलं. बाहेर कोच आला तरी जेवण आत पाटावरच, हे दृश्य साठीच्या दशकापर्यंत कितीतरी मराठी घरांत होतं.

तीसच्या दशकाच्या सुरुवातीलाच इंदूरला एका मराठी राजाने अगदी वेगळ्या मार्गाने आधुनिक घर सजवलं. यशवंतराव होळकर (दुसरे) आणि कागलच्या घराण्यातल्या त्यांच्या पत्नी संयोगिताराजे हे तरुण जोडपं होतं. त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून 1930 ते 1933 च्या दरम्यान माणिकबाग राजवाडा उभारून घेतला. फर्निचर युरोपात बनवून जहाजाने आणलं. त्यात त्या काळच्या नामवंत डिझायनरांपैकी रूलमानचं काम होतं, आयलीन ग्रेची खुर्ची होती, दा सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे होते, सोन्यो आणि अलिक्स यांनी घडवलेले धातू-काचेचे पलंग होते. शिल्पकार ब्रांकुशीची ‘बर्ड इन स्पेस’ मालिकेतली शिल्पं महाराजांनी विकत घेतली आणि त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधायचंही ठरवलं. ते झालं नाही. संयोगिताराजे 1937 मध्ये, म्हणजे टाउन हॉलच्या प्रदर्शनाच्याच वर्षी, अकाली गेल्या. 1980 मध्ये माणिकबागेतल्या वस्तूंचा मोनाकोत लिलाव झाला आणि त्या जगभरच्या संग्रहालयांत आणि खाजगी संग्रहांत विखुरल्या. वाड्यात सरकारी कचेरी आली. कलेच्या इतिहासात माणिकबागेचं स्थान मोठं आहे आणि ते तसंच असावं. पण तिथली एकही खुर्ची पुण्या-मुंबईच्या सुताराने पाहिली नव्हती. दादरच्या घरात जे शिरलं ते कॅटलॉगमधलं चित्र सुतारासमोर धरून, सागाच्या फळ्यांचा हिशेब करून, घरच्या ओसरीवर नाहीतर गच्चीवर रंधा मारून घेतलेलं होतं.

या घरांचे जाणते सल्लागारही इथलेच होते. पुण्याचे इंजिनिअर आर. एस. देशपांडे यांनी तीसच्या दशकात मध्यमवर्गासाठी घरबांधणीवर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. 1939 चं ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ त्यांतलंच. खिडकी कुठे, वारा कुठून, सांडपाणी कसं काढायचं, हे ते बेताच्या मिळकतीच्या माणसाला समजेल असं सांगत. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1923 ते 1943 या काळात शिकवणारे क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय वास्तूंची मापं घेऊन आराखडे काढायला लावत आणि इथल्या हवेला मानवेल असंच बांधा म्हणत. लंडनहून शिकून आलेले वास्तुविशारद गजानन बाबूराव म्हात्रे (1902–1973) यांचं ‘सूना महल’ 1937 चं. ‘एम्प्रेस कोर्ट’ही त्यांचंच. म्हात्र्यांच्या इमारतींत खोलीची मांडणी, वाऱ्याची वाट आणि जिन्याच्या कठड्याची वळणं एकाच हाताने काढलेली जाणवतात.

1939 नंतर युद्धाने सिमेंट आणि पोलाद ओढून घेतलं. फाळणीनंतर शहर माणसांनी भरलं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली. भाडेकरू सुरक्षित झाले, पण मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतलं. घराच्या आतलं मात्र भाडेकरूच सांभाळत. मुलं वाढली, सुना आल्या, आणि तीन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये नवी कसरत सुरू झाली. गॅलरी आत घेतली गेली. दिवाणखान्यात सोफा-कम-बेड आला, दारावर पोटमाळा निघाला. गोदरेजचं पोलादी कपाट, जे 1923 पासून बनत होतं, लग्नात मुलीला देण्याची वस्तू झालं आणि बेडरूममध्ये कायमचं बसलं. सत्तरच्या दशकात दूरदर्शन आल्यावर रेडिओच्या जागी शोकेस आली, सनमायका लावलेली, वरच्या कप्प्यात काचेचे ग्लास. वाड्यातली एकाच खोलीचे चार उपयोग करण्याची रीत अशी ब्लॉकमध्ये परत आली, फक्त आता तिला बिजागऱ्या आणि सरकत्या फळ्या होत्या. आजच्या मुंबईतला इंटिरिअर डिझायनर चारशे चौरस फुटांत जी करामत करतो, तिचे खरे पूर्वज हे घरगुती सुतार आणि त्यांना माप सांगणाऱ्या गृहिणी आहेत. त्यांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत, ही मोठी उणीव आहे.

जून 2018 मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या आणि मरीन ड्राइव्हच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत स्थान मिळालं. त्या एकूण 94 आहेत. शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी आणि माटुंगा त्या सीमेबाहेर राहिले. तिथे पुनर्विकासात एकेक इमारत उतरते आहे. आर्ट डेको मुंबई ही संस्था जाळ्या, जिने, नावांच्या पाट्या आणि छज्जे टिपून ठेवते. म्हात्र्यांच्या कामावर कमू अय्यर यांनी 2000 साली संपादित केलेलं पुस्तक अजून हाताशी आहे. पण नोंदणीच्या कामात दर्शनी भाग नेहमी पुढे असतो. इमारत रिकामी करायची नोटीस लागली की मोझॅकच्या जमिनीचे रंग, न्हाणीघरातल्या टाइल्सची किनार, कडप्प्याच्या ओट्याची उंची, भिंतीतल्या कपाटांच्या मुठी यांचे फोटो आणि मापं घ्यायला हवीत, आणि ती घेण्याचं काम त्या घरात राहणाऱ्यांनाच, सामान बांधायच्या आधीच्या आठवड्यात करता येतं.